मुदत टळलेल्या नोटा आणि डोर्नबाखची घंटा

या मंडळी, जरा जवळ सरका. जर्मनीतल्या आमच्या डोर्नबाख गावच्या घंटेची गोष्ट सांगतो. ऐकून जीव हलका होईल.

पहिल्या महायुद्धात सरकारने चर्चची घंटा तोफांसाठी वितळवायला नेली, आणि मागोमाग सुटी नाणीही गडप झाली. पाव घ्यायचा तरी चिल्लर नाही! मग गावाने स्वतःच्याच कागदी नोटा छापल्या, पन्नास फेनिगच्या, म्हणजे अर्ध्या मार्कच्या. त्यांच्यावर चित्र घंटेविना उघड्या पडलेल्या आपल्याच मनोऱ्याचं. खाली मुदत : सप्टेंबरअखेर. पुढे नोट म्हणजे रद्दी.

चर्चचा सेवेकरी ट्राउगोट वेंडलर. नव्या घंटेचा त्याला ध्यासच लागलेला. त्याने दाराशी पेटी ठेवली आणि गाव तीत नोटा टाकत राहिलं. पण पेटी उघडायची ती सुगीच्या उपासनेलाच, ही वाडवडिलांची रीत. त्या वर्षी सुगीचा रविवार आला ऑक्टोबरात.

पेटी उघडली, तशी बायको लीना म्हणाली, "अहो, या नोटा परवाच मेल्या की!"

ट्राउगोट स्वतःवरच चिडला. लोकांनी विश्वासाने टाकलं आणि आपण रीत कुरवाळत बसलो! नोटा टोपलीत भरून तो तडक नगराध्यक्ष एमिल कोब्रिखच्या घरी गेला. दोघे एका बाकावर शिकलेले.

"एमिल, चूक माझी. हव्या तेवढ्या शिव्या घाल, पण घंटा बुडवू नकोस."

"दोन दिवस उशीर? शाळेतही असाच यायचास," एमिल जेवता जेवता म्हणाला. "बस. बटाट्याचा गोळा खा."

"घशाखाली उतरायचा नाही रे."

"उतरेल. अरे, बर्लिन-लाइपझिगच्या हौशी लोकांनी आपल्या नोटा खरे पैसे मोजून ढिगाने विकत घेतल्या. चित्र आवडलं, वहीत चिकटवल्या. बदलून न्यायला एकजण फिरकला नाही! ते पैसे आता गावाचे. ते घंटेलाच द्यायचे, असं परवा सभेत ठरलंय. आणि तुझी टोपली उद्या कचेरीत आण. मुदत आम्हीच घातली, आम्हीच वाढवू."

ट्राउगोटने गोळा खाल्ला. मग आणखी एक मागून घेतला.

नाताळात घंटा वाजली. कांसं परवडलं नाही, म्हणून पोलादी. आवाज जरा घोगरा. पण खाली ट्राउगोट दोर ओढत रडत होता आणि लीना त्याची टोपी सावरत होती.

तेव्हा मंडळी, कुठे घंटा ऐकू आली, तर त्या अनोळखी हौशी माणसांची आठवण काढा. आमचा रिकामा मनोरा त्यांनी जपून ठेवला, आणि सुटे मागायला कधी आलेच नाहीत.