नाथाला मी चित्र दाखवले नाही

मी एक जुना मॉनिटर आहे. काचेचा, मागे मोठे पोट असलेला. मित्रांनो, आमच्यासारख्यांनी आपली गोष्ट गोड करून सांगायची असा रिवाज आहे. माझी गोष्ट गोड नाही. मला एका माणसावर सूड उगवायचा होता आणि तो मी उगवला.

माझे भाग परदेशातून आले, पण मला जोडले ठाण्यातच. त्र्याण्णव साली वासंतीबाईंनी मला विकत घेतले. कोपरीला नेताना त्यांनी मला रिक्षात मांडीवर घेतले होते. त्यांचे यजमान दामाजी शेजारी कीबोर्ड सांभाळत बसले होते. दामाजींची आई बाजारात मासळी विकायची, ते स्वतः कारखान्यात फिटर. घरची सून कॉम्प्युटरवर टायपिंग करते याचा कोळीवाड्याला अभिमान होता.

वासंतीबाईंचे दुकान म्हणजे एक गाळा. इंग्रजी अर्ज, बायोडाटा, कॉलेजचे प्रोजेक्ट अशी कामे यायची. दसऱ्याला त्या माझी पूजा करत. काच खराब होऊ नये म्हणून हळदीकुंकू माझ्या पाठीवरच्या पत्र्याच्या पट्टीला लावत. आदल्या वर्षीचे पुसत नसत, त्यावरच नवे लावत.

त्या टायपिंग शिकवतही; नाथा त्यांचाच विद्यार्थी. पहिले अक्षर त्याने माझ्यावर पाहिले. पुढे त्याने टेंभी नाक्याला स्वतःचे कॉम्प्युटर सेंटर काढले. त्याचे मला काही वाटले नाही. पण वासंतीबाई आजारी पडल्यावर तो त्यांच्या एकेका गिऱ्हाइकाला गाठून सांगू लागला, की मावशींचे दुकान कायमचे बंद झाले. बाईंना हे दवाखान्यात कळले. त्या दिवसभर भिंतीकडे तोंड करून निजून राहिल्या. हे मला दामाजींनीच सांगितले. बाई त्याच आजारात गेल्यावर ते बंद दुकानात येऊन माझ्याशी बोलत बसायचे.

नाथा भेटायला आला. हळहळला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "काका, याची पिक्चर ट्यूब गेलीये. भंगारात घाला." ट्यूब गेली नव्हती. खाडीच्या दमट हवेत इतके महिने बंद राहिल्यामुळे मला तापायला वेळ लागत होता, एवढेच. मग तो हळूच म्हणाला, की कॉम्प्युटरमधली विंडोज चोरीची आहे, कोणी कळवले तर पोलीस येतील. ती त्यानेच घालून दिली होती. दामाजींचा पानाचा तोबरा तसाच गालात राहिला.

दोन दिवसांत गाळ्याचे मालक काळुराम आले. मॉनिटरची ट्यूब गेली, दुकान आता चालत नाही, असे सांगून नाथाने त्यांच्याकडे गाळा मागितला होता. काळुराम माणूस वाईट नव्हता. दसऱ्यापर्यंत दुकान चालू झाले तर गाळा तुमचा, नाही तर नाथाचा, असे त्यांनी सांगून टाकले.

दामाजींनी मेव्हणीला बोलावले. वासंतीबाईंची धाकटी बहीण सरोज एका कंपनीत कॉम्प्युटर विभागात होती. दामाजींनी तिला एकच विचारले, चोरीचे नसलेले काही मिळते का. तिने मासिकाबरोबर आलेली एक सीडी आणली. विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स. ही वाटून घेण्यासाठीच बनवलेली आहे, असे ती म्हणाली. दामाजींचा आधी विश्वास बसेना.

जुनी विंडोज पुसली, लिनक्स चढली. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे मी नीट दाखवली. पण चित्र उमटवायची वेळ आली आणि सगळे बिनसले. पडद्यावर तिरप्या रेघा पळू लागल्या, चित्राचे चार तुकडे झाले, माझ्या पोटातून बारीक शिट्टी येऊ लागली. लिनक्स विचारत होती, तुमचा मॉनिटर कोणता, तो सेकंदाला किती रेघा काढू शकतो. यादीत माझे नाव नव्हते. सरोजने अंदाजाने एक नाव निवडले होते, ते माझ्याहून मोठ्या मॉनिटरचे निघाले.

"बंद कर, बंद कर," दामाजी म्हणाले. "जळेल तो."

माझे हे आकडे माझ्या पाठीवरच्या पट्टीवर होते, हळदीकुंकवाच्या थराखाली. सरोजने ओले फडके घेतले. दामाजींनी तिचा हात धरला. त्या हळदीकुंकवाच्या थरावर बाईंच्या बोटाचा ठसा होता. गाळा गेला तरी चालेल, पण हे पुसायचे नाही, असे ते म्हणाले आणि पाठ फिरवून उभे राहिले.

सरोजने फडके खाली केले. मग म्हणाली, "भावोजी, ताईने चालत्या यंत्राला लावलेलं हे. बंद यंत्राची पूजा कोण करतं?"

दामाजींनी फडके तिच्या हातातून घेतले. खोबरेल तेलात बोट बुडवून त्यांनी स्वतः फक्त आकड्यांची ओळ मोकळी केली. बाकी तसेच ठेवले. ते आकडे सरोजने फाइलमध्ये हाताने लिहिले. पडदा क्षणभर काळा झाला, मग करड्या विणीचे चित्र आले आणि मधोमध माउसची काळी फुली स्थिर उभी राहिली. दामाजी खाली बसले.

दसऱ्याला दुकान उघडले. जुनी गिऱ्हाइके आली, काळुराम आले आणि नाथाही आला. हे काही खरे नाही, चित्र केवढेसे दिसते, असे म्हणत तो माझ्यापुढे बाईंच्या खुर्चीवर बसला. मोठे करून दाखवतो म्हणाला. सरोज अडवणार होती. दामाजींनी तिला डोळ्यांनी गप्प केले.

नाथाने यादीतले सगळ्यांत मोठे माप निवडले. ते मला पेलणारे नव्हतेच. पण एरवी मी धडपड तरी केली असती. या वेळी केली नाही. सगळ्यांसमोर मी चित्राच्या चिंध्या केल्या आणि रस्त्यावर ऐकू जाईल अशी शिट्टी मारली. नाथा घाबरून बटणे दाबू लागला. शेवटी त्याने मला थप्पड मारली.

"हात काढ," दामाजी म्हणाले. "वासंती अंथरुणावर होती तेव्हा तुझी जीभ चालली. आता हे चालवून दाखव. नाही जमत? मग ऊठ. त्या खुर्चीवरून ऊठ."

नाथा उठला. सरोजने माझे आकडे परत भरले, चित्र आले. काळुराम नाथाला म्हणाले, "ट्यूब गेलेली ना रे?" गिऱ्हाइके हसली. नाथा पायरी उतरून गेला तो कोपरीत पुन्हा दिसला नाही.

संध्याकाळी दामाजी माझ्यासमोर बसून एकटेच हसले. मग हसू थांबले. ज्या माणसाला हे सांगायचे होते, ते माणूस आता जगात नव्हते.

त्या शिट्टीने माझ्या पोटातले काहीतरी करपले. तेव्हापासून माझा उजवा कोपरा जांभळा दिसतो. पुन्हा वेळ आली तर दुसराही कोपरा देईन. मित्रांनो, यंत्राला त्याच्या ताकदीपलीकडे राबवू नका, त्याला मारू नका. आणि घरात कोणी आजारी असेल तर त्याची खुर्ची त्याच्यासाठी राखून ठेवा. तिच्यावर दुसरे कोणी बसायला आले, तर त्याला उठवा.