अठ्ठावन्न इंचांची टेप

मी टेप बोलतेय. शिवणकामाची, एके काळी पिवळी, आता चहाच्या गाळणीसारख्या रंगाची. माझ्या अंगावर साठपर्यंत आकडे आहेत, म्हणून बघणारा मला साठ इंचांची समजतो. मी आहे अठ्ठावन्न इंचांची. हे मी आधीच सांगून टाकते, कारण ज्या घरात मी राहते तिथं ते वेळेवर कुणी सांगितलं नाही, आणि त्याचं काय झालं तेच मला सांगायचंय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते शिरूरच्या बाजारातलं बटणं-दोऱ्यांचं दुकान. तिथून कृपाबाईंनी मला उचललं. चर्चच्या आवारात त्या मुलींचा शिवणवर्ग घ्यायच्या. मला गळ्यात घालून फिरायच्या, आणि नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगायच्या, "माणूस खोटं बोललं तर देव माफ करतो. टेप खोटी बोलली तर कापड वाया जातं. टेपला कधी कात्री लावायची नाही." एका मुलीनं खेळता खेळता आपल्याच टेपचं टोक कापलं होतं, तिच्या बोटांवर लाकडी पट्टी बसली. मला तेव्हा फार मोठेपणा वाटला. आमची काय ती अब्रू असते, एक म्हणजे एक आणि दोन म्हणजे दोन.

कृपाबाईंचा धाकटा मुलगा पॉल. त्याला कुरकुंभला केमिकलच्या कंपनीत नोकरी लागली, लग्न झालं, दौंडला दोन खोल्या घेतल्या. सून आली राहू गावची, करुणा. सातवी झालेली. पुढं धाकट्या भावंडांना सांभाळायला घरी बसवली होती. कृपाबाईंनी तिला शिवण शिकवलं, आणि दौंडला जाताना मशीन, लाकडी फूटपट्टी आणि मी अशी तिघं तिच्या हवाली केली. "ही माझी टेप हाय. सांभाळ," एवढंच म्हणाल्या. करुणानं मला डोक्याला लावलं.

सांभाळलंही तिनं. वर्षभरानं प्रिन्सी झाली. दात येत होते तेव्हा ती पोर मिळेल ते चावायची. एक दिवस माझं टोक तिच्या तोंडात गेलं आणि टोकाचा पत्रा सुटला. करुणानं बोट घालून तो काढला. माझं पहिलं टोक पार चघळून दोऱ्या निघालेल्या. तिनं इकडं तिकडं बघितलं, घरात कुणी नव्हतं, आणि कात्री घेऊन मला दोनच्या आकड्यावर सरळ कापलं.

त्या दिवसापासून माझी सुरुवात दोनापासून होते. करुणा माप घ्यायची, आकडा बघायची आणि मनातल्या मनात दोन वजा करून वहीत लिहायची. कधी चुकली नाही. नवी टेप का आणली नाही म्हणाल तर सासूबाई कधीही यायच्या आणि विचारायच्या, "माझी टेप कुठाय?" मग करुणा मला मुठीत गुंडाळून टोक आत दडवून दाखवायची. पुढं पुढं ते दोन वजा करणं तिच्या हातात इतकं बसलं, की आपण ते करतो हेही ती विसरली.

प्रिन्सी सातवीत असताना शाळेत प्रार्थनेच्या वेळी तिला फीट आली. कुणीतरी नाकाला चप्पल लावली. आपल्याकडं लावतात, लोकांना वाटतं तेच औषध. शुद्धीवर आली तर सगळी शाळा भोवती आणि तोंडाशी कुणाची तरी चप्पल. दुसऱ्या दिवसापासून मुली नाक धरून तिच्या मागं चालायला लागल्या. पंधरा दिवस तिनं काढले, मग दप्तर पलंगाखाली सारलं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी फीट थांबली, पण शाळेचं नाव काढलं की पोरीचे ओठ पांढरे पडायचे.

शेजारच्या सविताताईंनी सांगितलं, "घरी शिकव की. दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बसता येतं. माझा भाचा तसाच पास झाला."

"मी काय शिकवणार ताई? माझी सातवी."

"मग सातवीपर्यंत तरी शिकव. पुढचं पुढं बघू."

त्यावर दोघी हसल्या. पण करुणानं आठवीची पुस्तकं आणलीच. दुपारी गोळीच्या गुंगीनं प्रिन्सी झोपली की ती आधी स्वतः धडा वाचायची, बोट ठेवून, ओठ हलवत. जे पुस्तकातून समजायचं नाही ते ती घरात शोधायची. अर्धी गोळी म्हणजे किती मिलिग्रॅम, एका वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी तर पाच माणसांना किती. एकदा तिला दौंड स्टेशनवर घेऊन गेली आणि बोर्डासमोर उभी करून विचारलं, "सतरा चाळीसला गाडी हाय, आपल्या घड्याळात किती वाजता घरनं निघायचं?" पोरीनं सांगितलं, "चार वाजता. तुझ्या साडी नेसण्याचा टाइम धरून." असं हसतखेळत चाललं होतं. शिवणही त्याच शाळेतलं. छातीचे चार भाग करायचे, त्यात शिलाईसाठी दाबायचं कापड मिळवायचं. गणितच ते. प्रिन्सीला आवडायचं. माप मात्र आजवर करुणाच घ्यायची.

पॉलला मात्र पटत नव्हतं. "पोरीचं वय चाललंय," तो म्हणायचा, "आन् तू तिला भात मोजायला शिकवतीस."

ईस्टरच्या आधी प्रिन्सी आठ दिवस आजीकडं शिरूरला गेली. मी तिच्या पिशवीत होते. आजीचं ब्लाउज आपण शिवायचं, ईस्टरला आजीनं तेच घालायचं, असं तिनं ठरवलं होतं. कृपाबाईंना मोतीबिंदूनं नीट दिसत नव्हतं. त्या ताठ उभ्या राहिल्या आणि प्रिन्सीनं माप घेतलं. छाती चाळीस, खांदा सोळा. कृपाबाईंची छाती अडतीस होती, खांदा चौदा. मला ते कळत होतं. पण मला तोंड नाही. आकडा दाखवणं एवढंच माझ्या हातात, आणि तो आकडा खोटा होता. पोरीनं तो सुवाच्य अक्षरात वहीत उतरवला.

घरी येऊन तिनं कापडावर आखलं ते लाकडी फूटपट्टीनं. पट्टी चोख, म्हणून माझं खोटं जसंच्या तसं कापडावर उतरलं. करुणानं वही बघितली होती. चाळीस वाचून म्हणाली, "आई भरल्यात की." एवढंच. जे आपण रोज करतो त्याची आठवण कुठून यायची?

ईस्टरच्या सकाळी कृपाबाई दौंडला आल्या. ब्लाउज घातलं तर खांदे दंडावर उतरलेले, गळा सुटलेला. त्यांनी पदर घट्ट ओढून घेतला. चर्चमध्ये उभं राहून गाणं म्हणताना एका हातात सवयीनं पुस्तक आणि दुसऱ्या हातानं ब्लाउज धरलेलं. मागच्या बाकावर बायका हसल्या. घरी आल्यावर पाहुण्यांसमोर पॉल म्हणाला, "हे शिक्षण चाललंय व्हय घरात? माझ्या आईचा तमाशा केला."

कृपाबाई म्हणाल्या, "माप कुणी घेतलं होतं?"

मी मशीनच्या खणात होते. खण अर्धा उघडा होता. करुणानं एकदा माझ्याकडं बघितलं. तिला त्याच क्षणी सगळं आठवलं, मी शपथेवर सांगते. तिचा चेहरा उतरला, ओठ हलले. आणि ती म्हणाली, "प्रिन्सीनं घेतलं. नीट घे म्हणून सांगितलं होतं मी. तिचं ध्यान ठिकाणावर नसतं."

प्रिन्सी ताट घेऊन उभी होती. तिनं मान खाली घातली आणि सगळ्यांना भाजी वाढली.

टेप म्हणून मी आयुष्यात हजारो मापं घेतली. पण माणूस एका वाक्यात किती लहान होतं, ते त्या दिवशी बघितलं. करुणा लहान झाली, पोर लहान झाली, आणि मी तर आधीच दोन इंचांनी होते.

पुढच्या आठवड्यात पॉलनं हॉस्टेलचा फॉर्म आणला. जूनमध्ये शाळा, राहणं तिथंच. एका खोलीत वीस मुली. "दीड महिना हाय," तो म्हणाला, "तोवर तयारी करा." प्रिन्सीचे ओठ पांढरे पडले. फॉर्म मशीनवर, काचेच्या बाटलीखाली राहिला. रोज करुणा मशीनवर बसायची, त्या फॉर्मकडं बघायची, मला हातात घ्यायची आणि परत ठेवायची.

मे महिन्यात 'चलन' नावाचा धडा आला. एक वाढलं की दुसरं त्याच पटीत वाढतं, भागाकार तोच राहतो. करुणानं आधी दुपारी स्वतः वाचला. मग प्रिन्सीला म्हणाली, "घरातल्या वस्तू मोज. टेपच्या एका बाजूला इंच, दुसऱ्या बाजूला सेंटीमीटर. एका इंचात अडीचच्या जरा वर सेंटीमीटर असतात. भागून बघ, सगळीकडं तेच येतंय का." असा धडा आपल्याला सुचला म्हणून तिला बरं वाटलं होतं.

माझ्या पाठीवरचे सेंटीमीटर दुसऱ्या टोकापासून सुरू होतात. ते टोक शाबूत आहे.

प्रिन्सीनं टेबल मोजलं, दार मोजलं, वही मोजली. भागाकार केले. एकीकडं दोन पूर्णांक एक, दुसरीकडं दोन पूर्णांक तीन, तिसरीकडं जवळजवळ दोन पूर्णांक चार. कुठंच अडीच नाही, आणि कुठंच सारखं नाही. तिनं खोडलं. पुन्हा मोजलं. पुन्हा खोडलं, इतकं की वहीचा कागद फाटला. मग पेन्सिल ठेवून अगदी साध्या आवाजात म्हणाली, "पुस्तक बरोबर असंल मम्मी. माझंच ध्यान ठिकाणावर नसतं."

करुणा भाजी निवडत होती. ते तिचेच शब्द होते. तिनं सूप बाजूला ठेवलं, पदराला हात पुसले आणि मला उचलून माझं कापलेलं टोक पोरीच्या पुढं धरलं.

"वाच. इथं काय आकडा हाय?"

"दोन."

"एक कुठाय?"

प्रिन्सीनं मला उलटसुलट केलं. "न्हाई."

"मी कापला. तू दात यायच्या वयाची व्हतीस. मी दर खेपेला दोन वजा करते. तुला सांगितलंच न्हाई."

पोरीनं कापलेल्या टोकावर बोट फिरवलं. मग तिनं विचारलं, "ईस्टरला तुला आठवलं व्हतं?"

"व्हय."

"सगळ्यांसमोर मला बोललीस तवा?"

"व्हय गं."

प्रिन्सी उठली आणि बाहेर टाकीपाशी जाऊन बसली. करुणा दारात उभी. बोलवायचीही तिची हिंमत नव्हती. अर्ध्या तासानं पोर आत आली, डोळे लाल. म्हणाली, "आज्जीला फोन लाव. स्पीकरवर."

करुणानं लावला. कात्री, चघळलेलं टोक, ब्लाउज, सगळं सांगितलं. "आई, तुमच्या टेपला कात्री लावली मी. आन् पोरीला खोटं पाडलं." पहिल्या पाळीवरून पॉल तेवढ्यात दारात आला होता. डबा हातातच होता. तो तसाच उभा राहिला.

पलीकडून कृपाबाई म्हणाल्या, "माप घेताना टेपचं टोक माझ्या मानंला लागलं. पत्र्याचं गार लागलं न्हाई. तवाच विचारायला पायजे व्हतं मी. मी म्हटलं, करुणानं पोरीला सांगितलं असंल. आन् ईस्टरला कळलं की सांगितलं न्हाई, पण बोलले तर तुझी लाज जाईल म्हणून गप बसले. पोरीची गेली, ते ध्यानात आलं न्हाई. प्रिन्से, आहेस का?"

"हाय आज्जी."

"ब्लाउज उसवून लहान करून दे. दोन इंचांनी. माप तुलाच ठावं हाय आता."

फोन ठेवल्यावर पॉलनं डबा ओट्यावर ठेवला. वही उचलून बघितली. प्रिन्सी म्हणाली, "पप्पा, हे बघा. इंचात दोन वजा केलं की सगळीकडं अडीच येतंय." तिनं टेबलाचा भागाकार करून दाखवला. मग दाराचा. पॉलनं तिसरा स्वतः केला, वहीचा, पेन्सिल चाटून, आणि दोनदा केला.

"टेप खोटी हाय हे तू आकड्यावरनं काढलं असतंस," तो म्हणाला, "जर कुणी तुला चुकीची म्हटलं नसतं तर." करुणाकडं त्यानं बघितलं नाही. मला वाटतं तो स्वतःलाही म्हणत होता. थोड्या वेळानं म्हणाला, "माझा शर्ट शिवतीस का?"

प्रिन्सीनं माप घेतलं. प्रत्येक आकडा मोठ्यानं वाचला, मोठ्यानं दोन वजा केले. करुणा लांब बसून बघत होती. हात मांडीखाली दाबून धरले होते, मधे पडायला नको म्हणून. कॉलर, बाही, पाठ, सगळ्याचे नमुने वर्तमानपत्रावर कापून झाले. खिशाला कागद पुरेना. पॉलनं बाटलीखालचा हॉस्टेलचा फॉर्म काढला, कोराच होता, आणि पोरीच्या पुढं ठेवला. "खिशाला हा घे."

तिनं तो घडी घालून कापला.

पुढच्या रविवारी तो शर्ट घालून पॉल चर्चला गेला. डावी बाही अर्धा इंच लांब झाली होती. ती चूक माझी नव्हती, ती प्रिन्सीची स्वतःची होती. पॉलनं दोन्ही बाह्या दुमडल्या आणि गाणं म्हणायला उभा राहिला.

आता घरात नवी टेप आली आहे. मी मशीनच्या बाजूला खिळ्यावर असते. करुणानं माझ्या टोकाला लाल दोऱ्यानं एक टाका घातलाय, कुणी हात लावला तर आधी विचारावं म्हणून. जो येतो त्याला ती स्वतःहून सांगते, "ही दोन इंच कमी हाय, मी कापलेली." सांगताना अजूनही तिचा आवाज खाली जातो. माझंही अंग अजून आक्रसतं.

एकच मागणं आहे. तुमच्याही घरात माझ्यासारखी एखादी कापलेली टेप असेल. तुमचा हात मनातल्या मनात वजाबाकी करत असेल. मुलांच्या हातात ती देण्याआधी त्यांना टोक दाखवा. नाहीतर पोरं तुमचे दोन इंच स्वतःतून वजा करतात.