मुरारीबुवाचा दोरा

"बोट घाल बाय, बोट घाल! गेलं ना आत? सुटली गो बाधा!" मुरारीबुवा ओरडला. आनंदीबाईंचं बोट कमरेच्या दोऱ्यात खरंच सरकलं, आणि देवळाच्या अंगणातल्या सगळ्या बायांनी हात जोडले. सकाळी करकचून बांधलेला दोरा उन्हं चढल्यावर सैल! अठ्ठ्याण्णव सालच्या त्या उन्हाळ्यात पोलादपूरच्या खोऱ्यात दुसरा विषयच नव्हता.

आनंदीबाईंचं दुखणं चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. लघवीची कळ आली की धीर म्हणून निघायचा नाही. मोरी गाठेपर्यंत लुगडं भिजायचं. बारशी सुटली, एसटीचा प्रवास सुटला. त्यात एकुलत्या एका रेश्माचं लग्न ठरलं. कन्यादानाला नवऱ्याशेजारी पाटावर बसायचं आणि विधी आटपेपर्यंत हलायचं नाही. पाटावरच काही झालं तर? त्या धास्तीने बाईंची झोप उडाली होती.

"पाणवठ्यावरची बाधा पोटात बसलीय," बुवाचं निदान. "हळदीच्या पाण्यात भिजवलेला दोरा बांध, आनी पानी तोड. उपाशी बाधा आपोआप पळंल!" वा रे धन्वंतरी! बाईंची जीभ टाळ्याला चिकटली, पण लुगडं कोरडं राहिलं. आनंदाने त्यांना रडू फुटलं.

मग लघवीला जळजळ सुरू झाली, चक्कर आली. नवऱ्याने, मालोजींनी, त्यांना महाडला डॉक्टर गौतमीबाईंकडे नेलं. डॉक्टरांनी पोटाभोवती टेप लावली.

"दिवाळीत तपासणीला आलात तेव्हा मोजला होता तेवढाच घेर आहे, आनंदीबाई. बाधा गेली कुठून?"

"पन दोरा सैल झाला ना!"

"गुराचं दावं ओलं असताना ताणून बांधलंत तर?"

"वाळलं का सैल पडतं," बाई सवयीने बोलून गेल्या, आणि त्यांचा हात कमरेच्या दोऱ्याकडे गेला. जन्म गोठ्यात गेला होता. दावं कळलं होतं, दोरा मात्र कळला नव्हता.

"आन लघवी कमी झाली ती?"

"विहीर कोरडी पाडलीत, मग पोहरा गळणार कसा? पाणी तोडून दुखणं जात नाही, उलट वाढतं. पोटावरची चरबी मूत्राशयावर दाब देते. तेवढंच कारण असतं असं नाही, पण घेर उतरला की पुष्कळ जणींचा त्रास उतरतो. रोज चाला, भात कमी करा, कळ थोपवायचा व्यायाम शिकवते, औषधही देते."

"रविवारपर्यंत व्हईल?"

"महिने लागतील हो."

"लगीन तर रविवारी हाय," आनंदीबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी औषधाची चिठ्ठी लिहून हातात दिली.

परतताना बाई तडक देवळात गेल्या. सगळ्यांदेखत दोरा तोडून त्यांनी ओल्या दाव्याची गोष्ट सांगितली. ती प्रत्येकीच्या गोठ्यातली होती, पण बुवा हसला. "जिची श्रद्धा सैल, तिचा दोरा खोटा!" झालं! बायांनी तोंडं फिरवली आणि आपापले ओले दोरे पुढे केले.

घरी मालोजी खाली बघत म्हणाले, "दोरा तोडलास, आता भरवसा काय? पाटावर येसू बसंल."

रविवारी धाकटी जाऊ येसूबाई आपल्या नवऱ्याशेजारी पाटावर बसली. मांडवाच्या मागच्या खांबाशी, मोरीजवळ, आनंदीबाई उभ्या होत्या. रेश्माने मान वळवून आईला शोधलं, आणि नेमकी तेव्हाच कळ आली. बाई धावल्या. परत आल्या तेव्हा कन्यादान उरकलं होतं.

येसूबाईच्या कमरेला पिवळा दोरा होता, आणि तो सैल होता.

बाबांनो, लघवीचं दुखणं ही बाधा नव्हे, अंगाचं दुखणं आहे. ते लपवू नका, त्यासाठी पाणी तोडू नका. बुवाचा दोरा एकदा घरी पाण्यात बुडवून खुंटीला ताणून बांधा, वाळू द्या, आणि आपल्या डोळ्यांनी बघा. आनंदीबाई हे अजून सांगतात. ऐकणारं कुणी नाही, तरी सांगतात.