कडेची धवलेरी

टीव्हीवर कमलेशच्या लग्नाचा व्हिडिओ चालला होता आणि जिवलीच्या अंगाचा तिळपापड होत होता. गाणं तिचं, आवाज तिचा. पडद्यावर मात्र तांदूळ टाकणारा तिचा नुसता हात. बाकी बाई गायब.

जिवली वाणगावकडच्या पाड्यांवरची धवलेरी. भिंतीवर रंगवलेल्या लग्नाच्या चौकासमोर बसून ती गाणी म्हणते, तेव्हाच वारल्यांचं लग्न लागतं. कमलेशचा बाप अंकुश बोईसरच्या कारखान्यात लागला आणि त्याला याची लाज वाटू लागली. त्याला भटजी हवा होता. त्याच्या आईनं, बायडीनं, हट्टानं जिवलीला बोलावलं. तो राग त्यानं असा काढला, हे जिवलीनं ओळखलं.

"मला कापलंस ना रं?"

"मी कशाला कापू, काकी? मी काय शूटिंगवाला हाय?"

"मंग सपनाचं लगीनपन या डब्याकडूनच लावून घे."

ती उठली. बायडीचा चेहरा उतरला. नात सपना पुढच्याच आठवड्यात बोहल्यावर चढायची होती, आणि धवलेरीविना लागलेलं लग्न सासरचे मानणार नव्हते. जिवलीला ते पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ती दारात रेंगाळली. अंकुशनं सगळ्यांदेखत पाया पडावं, एवढंच तिला हवं होतं.

सपना मोबाइल घेऊन आडवी आली. "आजी, हाच व्हिडिओ यात बघ. तू अख्खी हायस."

बोटभर जिवली खरंच चौकापाशी बसली होती.

"बाबाला पडद्याच्या कडेच्या काळ्या पट्ट्या आवडत नाय, म्हनून टीव्ही झूमवर असतो. चित्र फुगतं आन कडा बाहेर जातात. तू कडेला होतीस."

अंकुशला जोर चढला. "पुरं चित्र लाव, सपना. बघू दे कोनी कापलं ते. उगाच माझ्यावर आळ."

सपनानं रिमोट दाबला. चित्र आकसलं, बाहेर गेलेल्या कडा आत आल्या. जिवली दिसली. आणि तिच्या मागे उभा अंकुशही दिसला. तो हात हलवून कॅमेऱ्याला खुणावत होता: हिला सोड, तिकडे फिरव. कॅमेरा मुकाट्यानं नवऱ्या मुलाकडे वळला.

अंकुश वाकला. "काकी, पाया पडतो."

"आता पाया नको." जिवली पुन्हा ऐसपैस बसली. "सपनाचं लगीन लावीन. पोरीचा काय गुन्हा? पन मी गाते तवर तू मांडवाच्या बाहेर उभा ऱ्हायचा. चौकाकडं पाठ करून."

"मी बाप हाय तिचा."

"म्हनून तर."

अंकुशनं आईकडे पाहिलं. बायडीची नजर टीव्हीवरून हलली नाही.

"टोपी घाल," ती म्हणाली. "बाहेर ऊन लागंल."

अंकुशनं मान खाली घातली. जिवलीनं सपनाच्या गुडघ्यावर टिचकी मारली.

"मागं घे, बाय. त्याचा हात पुन्ना दाव."