कटाप्लानेची कल्हई

मी एक जुनी कटाप्लाना आहे. नाव ऐकून दचकू नका, मित्रांनो. तांब्याच्या दोन खोलगट वाट्या, त्यांना एक बिजागरी, मिटले की शिंपल्यासारखे दिसणारे मासे शिजवायचे पोर्तुगीज भांडे, एवढेच. स्वभावाने मात्र मी संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते.

पन्नास वर्षांपूर्वी आमेलियाबाईंनी सिडनीत रेस्टॉरंट काढले, तेव्हा पोर्तुगालहून त्यांनी मला विमानात मांडीवर घेऊन आणले. भिंतींवर निळ्या चित्रांच्या फरश्या, टेबलांवर कडक इस्त्रीच्या पांढऱ्या चादरी. बाईंचा एक नियम होता: माझे झाकण स्वयंपाकघरात उघडायचे नाही, पहिली वाफ पाहुण्यांची. टेबलावर माझा खटका उघडला की मोठमोठी माणसे खुर्चीत पुढे सरकत. काय तोरा होता माझा!

मग बाईंचे गुडघे गेले आणि स्वयंपाकघर पुण्याच्या शोभाच्या हाती आले. ती रोज मला चिंच-मीठ लावून घासायची. मी लखलखायचे, तरी मला ती खटकायची. एवढे लाड कशासाठी? विकायची वस्तूच लोक अशी चमकवतात. मॅनेजर शिरीष तर आधी माझ्याकडे आणि मग रिकाम्या भिंतीकडे बघायचा. मला खिळ्यावर टांगायचा त्याचा बेत असणार.

एका दुपारी शोभाने नियम मोडला. गॅसजवळच माझे झाकण उघडले, चमचाभर रस चाखला, तोंड वाकडे केले आणि सगळे मासे कचऱ्यात ओतले.

"शिरीष, ही आता गॅसवर चढवायची नाही."

"अगं, सॅटर्डेला आमेलिया लंचला येतेय! जागा विकायची की आपल्याला चालवायला द्यायची, ते त्याच दिवशी ठरवणार आहे. तिला यातलेच मासे लागतात."

"नो वरीज, मी बघते."

बघते म्हणजे काय? तिने मला जुन्या टॉवेलात गुंडाळून गाडीच्या डिकीत ठेवले. भंगारात निघाले, अशी माझी खात्रीच झाली.

डिकी उघडली ती हॅरिस पार्क या उपनगरात, नरेंद्रकाकांच्या अंगणात. पुण्याच्या तांबट आळीत जन्म घालवलेले काका मुलाकडे राहायला आले होते. त्यांनी माझ्या आत बोट फिरवले.

"आतूनही चिंचेने घासलीस?"

"हो काका. घरी तांब्याचं सगळं तसंच घासायचो."

"घंगाळाला चालतं गं. हिला आतून कल्हई होती. ती तू घासून काढलीस. उघड्या तांब्यात टोमॅटो शिजवलास तर कळकणारच. माणसं आजारी पडली असती."

शोभाच्या डोळ्यांत पाणी आले. मला तर भोवळच आली. मी सगळ्यांवर नजर ठेवून होते आणि विष माझ्याच पोटात!

काकांनी बार्बेक्यूच्या बर्नरवर मला तापवले, नवसागर टाकला, कथील वितळवून कापसाच्या बोळ्याने आतून फिरवले. पांढरा धूर उठला आणि माझे पोट पुन्हा चांदीसारखे झाले.

शनिवारी शोभाने मला मिटलेलीच आमेलियाबाईंसमोर ठेवली. मग खटका उघडला. बाईंनी वाफेकडे पाहिलेच नाही. त्या माझ्या झाकणाच्या आतली नवी कल्हई न्याहाळत राहिल्या.

"हे कुणी केलं?"

शोभाने सगळे सांगितले. कल्हई आपल्याच हातून गेली हेही, आणि झाकण स्वयंपाकघरात उघडले हेही. बाईंनी पहिला चमचा शोभाच्या हातात दिला.

"शंका आली तर आतच उघडायचं. माझा नियम बदल. आता हे रेस्टॉरंट तूच चालव."

मित्रांनो, जुन्या भांड्याला बाहेरून चमकवा, पण आत डोकावल्याशिवाय त्यात शिजवू नका. शिरीष अजून त्या भिंतीकडे बघतो, माझे लक्ष आहे. शोभा मात्र रोज सकाळी माझे झाकण उघडते आणि संशयाने आत बघते. मला त्याचा मुळीच राग येत नाही.