पहिल्या दिवशी जिने सावकाश चढा

तार्खेलियाबाईंच्या घरी उतरलेल्या पाहुण्याला आधी खोलीची किल्ली मिळायची नाही, सूचना मिळायच्या. पहिल्या दिवशी जिने सावकाश चढा, नऊ हजार फुटांवर हवा विरळ असते. रात्री जड जेवू नका. ऊन कितीही असो, छत्री बरोबर ठेवा, डोंगरातल्या या कीतो शहराचं आभाळ दुपारनंतर कुणाच्या बापाचं ऐकत नाही. ट्रॉलीबसमध्ये पिशवी पोटाशी धरा. पानेसियोची टेकडी पायी चढू नका, टॅक्सी करा. सान मार्कोस वस्तीतल्या एका उतरत्या गल्लीत नवरा गेल्यापासून बाई तीन खोल्या भाड्याने देत होत्या, आणि या सूचना त्यांच्या जिभेवर जपमाळेसारख्या फिरत.

म्हणूनच बावीस वर्षांनी माद्रिदहून आलेला त्यांचा स्वतःचा मुलगा गालो बॅग घेऊन जिना चढू लागला तेव्हा बाईंच्या तोंडून निघून गेलं, "पहिल्या दिवशी सावकाश हं!"

गालो मधल्या पायरीवर थांबला. छातीचा भाता झाला होता. "आई, मी काय टुरिस्ट आहे? याच जिन्यावरून घसरगुंडी करत होतो मी!"

"तेव्हा तुझं पोट एवढं नव्हतं. आणि रात्री सूपच घे."

ऐकतोय कोण! संध्याकाळी साहेब बाजारात गेले, भट्टीत भाजलेलं डुक्कर आणि वर बटाट्याच्या टिक्क्या ताटभर हाणून आले. दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठवेना. डोकं ठणकतंय, पोटात ढवळतंय. बाईंनी विरळ हवेवर उतारा म्हणून कोकाच्या पानांचा चहा केला, जसा त्या जर्मन नि कॅनडावाल्या पाहुण्यांना करून देत. कप हातात घेऊन गालो ढसाढसा रडला. चाळीशी ओलांडलेला बाप्या, अगदी पोरासारखा.

"या गावाने मला ओळखलंच नाही, आई."

"गाव ओळखतं रे. तुझं रक्त विसरलंय. चार दिवसांत येईल वळणावर. पी तो चहा."

पण चार दिवस तो राहणार होता का? बाईंचा जीव तिथे टांगला होता. बँकांनी लोकांचे पैसे अडकवून दारं लावून घेतली त्या वर्षी अर्धी गल्ली स्पेनला गेली, तसा तोही गेला. दोन वर्षांत येतो म्हणाला होता. आता आला होता, पण किती दिवसांसाठी ते बोलत नव्हता, आणि बाई विचारत नव्हत्या. त्याची बॅग मात्र येताजाता बघत. अजून भरलेलीच होती मेली, भिंतीला टेकून उभी.

चौथ्या दिवशी गालो जुन्या विमानतळावर जाऊन आला. विमानतळ आता गावाबाहेर गेलाय, जुन्या जागी बाग झालीय. "धावपट्टीवर पोरं सायकल चालवतात," तो सांगत होता. "विमानं आपल्या कौलांवरून जायची, आठवतं? बाबा म्हणायचे, हात वर करू नका, चाकाला लागेल." दोघंही हसली. बाईंना नवरा आठवला, ती कौलं थरथरायची ती आठवली.

पाचव्या दिवशी सकाळी बाई कॉफी गाळत होत्या. गालो अंगात जाकीट चढवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. मान खाली घातली आणि म्हणाला, "आई, आशीर्वाद दे."

हे शब्द त्याच्या तोंडून शेवटचे ऐकले ते विमानतळाच्या काचेच्या दाराशी. त्यांनी गाळणं खाली ठेवलं, अंगठ्याने त्याच्या कपाळावर क्रूस काढला. डोळ्यांतलं पाणी आवरेना.

"सांभाळून जा रे. विमान किती वाजता आहे?"

"कसलं विमान?" गालो बघतच राहिला. "पाव आणायला चाललोय. कोपऱ्यापर्यंत."

"पाव आणायला आशीर्वाद?"

"अगं, तूच तर त्याशिवाय उंबरा ओलांडू देत नव्हतीस! साधी काडेपेटी आणायची झाली तरी आधी कपाळ पुढे करायला लावायचीस."

खरंच की. बाई मटकन स्टुलावर बसल्या. इतकी वर्षं पाहुण्यांना छत्री दे, नकाशा दे, आणि हे पार पुसून गेलं होतं. ज्यांना दूर जायचंय त्यांनीच आशीर्वाद मागायचा, असंच त्यांच्या डोक्यात बसलं होतं.

गालो खाली बघत म्हणाला, "परतीचं तिकीट काढलंच नाही मी. माद्रिदची खोलीही सोडली."

"मेल्या! मग पाच दिवस तोंड शिवलं होतं का?"

"तू विचारलंस कुठे?"

"घरी आलेल्याला कधी जाणार म्हणून विचारतात होय?" बाईंनी पदरासारखं शालीचं टोक डोळ्यांना लावलं, उठल्या, त्याचं जाकीट धरून त्याला जवळ ओढलं. "वाक. मघाचा आशीर्वाद विमानाचा होता, तो पुसून टाक. पावाचा वेगळा देते."

आणि त्यांनी पुन्हा क्रूस काढला, या खेपेला घाईघाईने, शेगडीवर दूध उतू चाललं होतं म्हणून.