बोंडापुरता निळा

दीपमाला ताकसांडेनं काचेची बशी उजेडात धरली. कपाशीच्या कोवळ्या बोंडाचा काप निळाशार झाला होता.

या निळ्या रंगासाठी तिनं वर्ध्याच्या प्रयोगशाळेत वर्षं घातली होती. गुलाबी अळी पानाच्या वाटेला जात नाही, थेट बोंडात शिरते. तेव्हा अळीला मारणारं जनुक बोंडातच जोरात चालायला हवं. जनुक कुठं, केव्हा आणि किती चालायचं हे ठरवतो त्याच्या आधी असलेला डीएनएचा तुकडा, प्रोमोटर. दीपमालानं कपाशीच्याच एका जनुकाचा प्रोमोटर उचलला होता. ते जनुक बोंडातच जोमानं चालतं. या प्रोमोटरच्या मागे तिनं आधी नुसतं निळा रंग आणणारं जनुक जोडलं. जिथं निळं दिसेल तिथं प्रोमोटर काम करतोय, एवढा साधा हिशेब. पण आजवरची सगळी रोपं बिनरंगाचीच निघाली होती.

"जमलं की गं!" तिच्या मार्गदर्शक ज्योत्स्ना मॅडम बशीवर वाकल्या. "कामाचा आढावा घ्यायला समिती येतेय. हेच झाड दाखवू."

दीपमाला हसली. पण मन थाऱ्यावर नव्हतं. तिनं त्याच झाडाचं पान आणि मुळाचा तुकडाही रंगाला लावून पाहिला. दोन्ही निळे. बोंडातच चालणारा प्रोमोटर मुळात काय करतोय?

रविवारी ती सेलूला घरी गेली. तिची आई जिजाबाई शेतातून आली होती. ओट्यावर बसून किडकी बोंडं सोलत होती.

"काऊन गं, तोंड उतरलं?"

"काम झालं म्हनतात, आई. मले नाई वाटत झालं."

"मंग सांग तसं."

"सांगितलं तर अख्खं काम बंद पाडतीन."

जिजाबाईनं हातातलं बोंड उकललं. आत सरकी पोखरलेली, रुई पिवळी पडलेली. "तू ह्याच्यासाठी गेलतीस ना तिथं? मंग जे हाय ते सांग. बंद पडलं तर पाहू."

परतल्यावर दीपमालानं त्या झाडात नवं जनुक नेमकं कुठं जाऊन बसलंय ते तपासून घेतलं. शंका खरी निघाली. कपाशीच्या स्वतःच्या एका जोरदार जनुकाला खेटून ते पडलं होतं आणि त्याच्याच जोरावर झाडभर चालत होतं. ती निकाल घेऊन तडक मॅडमच्या खोलीत गेली.

"शेजाऱ्याच्या दिव्यानं आपलं अंगण उजळलंय, मॅडम. आपला दिवा लागलेलाच नाही."

मॅडमनी कागद पाहिले. चष्मा काढून टेबलावर ठेवला. "समितीला काय सांगू मी आता? सोड हे. सगळीकडे चालणारा जुना प्रोमोटर घे आणि मोकळी हो."

"तो पानात भरपूर चालतो, पण झाड जून झालं की बोंडात कमी पडतो. अळी तर तेव्हाच येते." दीपमालानं कागद पुन्हा मॅडमपुढे सरकवले. "मूळ झाडात हे जनुक बोंडात चालतं, म्हणजे हुकूम देणारा भाग आहेच. मी तुकडा आखूड कापला. जोर देणारा भाग आणखी मागे असणार."

"असणार?"

"बघितल्याशिवाय नाही कसं म्हणू? नवी रोपं लगेच मागत नाही. बोंडाच्या सालीच्या तुकड्यांवर तपासून दाखवते. नाही निघालं तर हरितगृह मीच रिकामं करीन."

मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "समितीला मी खरं तेच सांगते. तू कर."

दीपमालानं प्रोमोटरचा लांब तुकडा काढून त्याला निळ्या रंगाचं जनुक जोडलं. जनुक पेशीत पोचवायला जिवाणू वापरले, तर पहिल्या खेपेला सालीच कुजल्या. तिनं बशा धुतल्या, जिवाणू पातळ केले, पुन्हा मांडणी केली. एका बाजूला आखूड तुकडा, दुसऱ्या बाजूला लांब. या खेपेला आखूड तुकड्याकडच्या साली पांढऱ्याच राहिल्या. लांब तुकड्याकडच्या सालींवर निळे ठिपके उमटले.

तिनं मॅडमना हाक मारली नाही. आधी सगळा प्रयोग नव्यानं करून पाहिला. ठिपके पुन्हा आले, तेव्हा हाक मारली.

"लाव रोपं," मॅडम एवढंच म्हणाल्या.

कपाशीचं रोप पेशीपासून वाढवायला वर्ष उलटून जातं. काही बुरशीनं गेली, काही खुरटली. उरलेल्यांना हरितगृहात बोंडं धरली तेव्हा दीपमालानं प्रत्येक झाडाचं पान, मूळ आणि बोंड कापून रंगात ठेवलं, मग हिरवेपणा स्पिरिटनं धुऊन काढला. पानं पांढरी, मुळं पांढरी, बोंडाची साल निळी. एकाच झाडात नाही, वेगवेगळ्या जागी जनुक बसलेल्या सगळ्या झाडांत.

ज्योत्स्ना मॅडमनी एकेक बशी उचलून पाहिली. शेवटची ठेवताना त्यांचे डोळे भरून आले होते. "समितीला आता काय सांगू?"

"की हा नुसता रंग आहे," दीपमाला म्हणाली. "अळी अजून मेलेली नाही."

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला.

"झालं का वं?" जिजाबाईनं विचारलं.

"अर्धं झालं, आई. खरं जनुक आता जोडाचं हाय."

"मंग जोड. थांबली काऊन?"

दीपमालानं फोन खिशात टाकला, हातमोजे चढवले आणि अळीला मारणाऱ्या जनुकाची नळी बर्फातून बाहेर काढली.